उन्हाळी वेळ आणि शहाणे

त्याचं आडनाव शहाणे नव्हतं. नगरपालिकेत त्याला सगळे शहाणे म्हणायचे. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि नव्याने लागलेल्या माणसांना तर ते खरंच आडनाव वाटायला लागलं. एकदा लेखा विभागातून 'श्री. शहाणे यांस' असं लिहिलेलं पाकीट आलं. त्याने आतला कागद वाचून टाकून दिला आणि पाकीट टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं. त्यातला टोमणा त्याला कळला नव्हता अशातला भाग नाही. पण टोमणा मारणारी माणसं त्याच्या लेखी इतकी सुमार होती, की त्यांच्या टोमण्यातही त्याला कबुलीच दिसायची.

त्याचं काम होतं नगरपालिकेचा मेल आणि कॅलेंडर सांभाळण्याचं. तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीला लागून, एका गार खोलीत दोन म्हातारे सर्व्हर घरघरत बसलेले असत. कोणती सभा कुठे, बागेतला हॉल कोणाला, कुठल्या भागाचं पाणी कधी बंद, शवदाहिनीत कोणाची वेळ किती, हे सगळं त्यांच्या पोटात. बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्यावरून केव्हाच हात झटकले होते. नवे घ्या असं शहाणे दर वर्षी लिहून द्यायचा आणि साहेब दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचे. साहेबांना डोकं मिळालंय ते भांग पाडायची सोय म्हणून, असं त्याचं त्यांच्याविषयी स्वच्छ मत होतं. लेखावाली बाई म्हणजे पासवर्ड पडद्यावर चिकटवणारी. उद्यानप्रमुख म्हणजे प्रत्येक मेल अख्ख्या नगरपालिकेला पाठवणारा. बाकीच्यांची तर त्याने वर्गवारीसुद्धा केली नव्हती.

त्या देशात उन्हाळा जवळ आला की घड्याळं तासभर पुढे करायची रीत होती. त्या वर्षी सरकारला अवदसा आठवली आणि हा बदल नेहमीपेक्षा तीन आठवडे उशिरा करायचा असं ठरलं. एका समितीने तसा अहवाल दिला होता म्हणे, आणि त्या समितीत आयुष्यात स्वतःच्या हाताने घड्याळ लावलेलं एकही माणूस नसावं.

साहेबांनी बैठक बोलावली. शहाणेने सांगितलं, काम मोठं आहे, निदान एक अख्खा दिवस लागेल.

साहेब म्हणाले, "म्हणजे घड्याळ पुढे करायचं नाही, एवढंच ना? मग न करायला दिवस कशाला लागतो?"

टेबलाभोवती हशा पिकला. शहाणे हसला नाही. तान्ह्या मुलाला समजावावं तसं त्याने एकेक शब्द सुटा करून सांगितलं. आपल्याला नवी तारीख कळली आहे, सर्व्हरला कळलेली नाही. तो बिचारा येत्या रविवारी जुन्या सवयीने तासभर पुढे उडी मारणार. कंपनी दुरुस्ती देत नाही, तेव्हा तारखांचं कोष्टक आपणच हाताने बदलायचं. पण ते बदललं, की मधल्या तीन आठवड्यांतल्या आधी करून ठेवलेल्या सगळ्या नोंदी एक तास अलीकडे घसरणार, कारण त्या जुन्या हिशोबाने बसलेल्या आहेत. मग एक छोटा प्रोग्राम चालवून त्या सगळ्यांना एक तास पुढे ढकलायचं. म्हणजे कामं दोन. सकाळी कोष्टक, संध्याकाळी ढकलणं. आणि या दोन्हींच्या मध्ये कोणीही कॅलेंडरमध्ये नवी नोंद करायची नाही. कारण ती नोंद मुळातच बरोबर असणार, आणि प्रोग्राम तिलाही उगाच पुढे ढकलणार.

"समजलं?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी माना हलवल्या. उद्यानप्रमुखाने विचारलं, की मग माझ्या भिंतीवरच्या घड्याळाचं काय करू. शहाणेने कागद गोळा केले आणि तो खाली निघून गेला.

त्याने सूचना काढली. ती दोन पानी होती आणि तीत 'सापेक्ष कालविस्थापन' असा शब्द होता. नोंदी करू नका हे सातव्या परिच्छेदात होतं. सोपं करून लिहिता आलं असतं, पण सोपं केलं की या लोकांना वाटतं काम सोपं आहे. पहिले सहा परिच्छेद ज्याला झेपत नाहीत त्याने कॅलेंडरला हात लावूच नये, असा त्याचा न्याय होता.

प्रोग्राममध्ये एक ओळ घालण्याची सोय होती. अमुक वेळेनंतर केलेल्या नोंदींना हात लावू नकोस, असं त्याला सांगता येत असे. ती ओळ शहाणेला पाठ होती. त्याने ती घातली नाही. ज्यांना साधी सूचना पाळता येत नाही त्यांच्यासाठी मी जादाची ओळ का लिहू, असं तो मनाशी म्हणाला, आणि तसं म्हणताना त्याला बरंही वाटलं.

काम बुधवारचं ठरलं होतं. मंगळवारी त्याचे वडील गेले.

वडील नगरपालिकेच्याच तलावावर पोहायला शिकवायचे. शहरातली निम्मी माणसं पाण्यावर पडून राहायला त्यांच्याकडून शिकली होती. त्यांना सगळे मास्तर म्हणत. रबरी चपला, गळ्यात शिट्टी, अंगाला कायम तलावाच्या औषधाचा वास. लग्नाकार्यालाही ते तसेच यायचे की काय अशी त्याला लहानपणी धास्ती असे. मोठेपणी धास्तीची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली. रस्त्यात कोणीही अनोळखी माणूस मास्तरांना मिठी मारायचा आणि मास्तर त्याला म्हणायचे, "श्वास सोडतोस ना नीट?" एवढ्या एका वाक्यावर माणसाने जन्म काढावा हे शहाणेला लाजिरवाणं वाटे. बाहेर कोणापाशी तो कधी मास्तरांबद्दल बोलत नसे. 'वडील नगरपालिकेत होते' एवढंच सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला ते कुठल्या तरी खुर्चीत बसत असतील असं वाटू द्यायचा.

दवाखान्यात तो गेला, उभा राहिला, ताईच्या खांद्यावर हात ठेवला. ताई त्याची थोरली बहीण. मास्तरांचं शेवटचं सगळं तिनेच आणि तिच्या नवऱ्याने केलं होतं. भाऊजी टायरचं दुकान चालवायचे. मोठ्याने हसायचे, मोठ्याने जेवायचे, आणि शहाणेला भेटले की पाठीवर थाप मारायचे. त्या थापेसाठी शहाणेने त्यांना कधीच माफ केलं नव्हतं.

बुधवारी तो कामावर आला. साहेबांनी गंभीर चेहरा करून म्हटलं, अहो, घरी जा, काम थांबेल. शहाणेने विचारलं, कोण करणार? त्याने सकाळी कोष्टक बदललं. दिवसभर तळघरात बसून पुनःपुन्हा तपासलं. संध्याकाळ होताच प्रोग्राम सुरू केला आणि शहरातल्या नोंदी एकामागून एक तासभर पुढे सरकताना बघत राहिला. त्या दोन दिवसांत त्याला शांत वाटलं ते तेवढ्याच वेळात.

तो घरी निघाला होता तेव्हा ताईचा फोन आला. बाबांचं सोमवारी ठरलंय, दुपारीच फोन करून ठरवलं, असं ती म्हणाली. लांबची माणसं यायची आहेत म्हणून सोमवार. दाहिनीतला मोठा हॉल मिळालाय. "वेळ लिहून घे," ती म्हणाली.

"वेळ मला सांगू नकोस," तो म्हणाला. "दाहिनीचं कॅलेंडर माझ्याच हाताखाली आहे. मला दिसतं ते."

ताईने विचारलं, "तू दोन शब्द बोलशील का तिथे? लोक पुष्कळ येतील. मुलगा बोलला तर बरं दिसेल."

बघतो, असं तो म्हणाला.

रविवारी त्याने घरून दाहिनीचं कॅलेंडर उघडलं. सोमवार, बारा वाजता, मोठा हॉल, मास्तरांचं नाव. आणि त्याच वेळेला, त्याच हॉलमध्ये, खाली आणखी एक नाव. शहाणेने नाक मुरडलं. दाहिनीच्या नोंदणीवर एक बाई होती. फोनवर ती कायम काहीतरी चावत बोलायची आणि तिच्या तक्रारी नेहमी प्रिंटरबद्दलच्या असायच्या. एका हॉलमध्ये एका वेळी दोन मयतं मावत नाहीत हेही तिला कळू नये. त्याने तिला तिथल्या तिथे दोन ओळी लिहिल्या, त्यात दुसऱ्या कुटुंबाला हलवण्याची सूचना दिली, आणि खाली स्वतःचा हुद्दा लिहिला.

सोमवारी सकाळी त्याने काळा कोट घातला. रेडिओवर निवेदक घसा कोरडा करून सांगत होता, की लोकहो, काल घड्याळं पुढे करायची नव्हती, केली असतील तर मागे घ्या. शहाणेला हसू आलं. सांगून कोण ऐकतंय! निम्म्या शहराने सवयीने काटे फिरवले असणार आणि आज निम्मं शहर तासभर आधीच कुठे कुठे जाऊन उभं राहणार.

गाडी चालवताना तो मनात दोन शब्द जुळवत होता. आश्चर्य म्हणजे ते जुळत होते. मास्तरांनी त्याला पोहायला शिकवलं होतं तेव्हा पाठीखाली एक हात धरला होता, आणि तो हात त्यांनी केव्हा काढून घेतला ते त्याला कळलंच नव्हतं. पाण्यावर एकटाच पडलोय हे बऱ्याच वेळाने ध्यानात आलं होतं. एवढंच सांगायचं आणि खाली बसायचं, असं त्याने ठरवलं. वाक्य चांगलं होतं. त्या गर्दीला त्यातलं किती कळेल हा भाग निराळा.

दाहिनीच्या फाटकाशी त्याला थांबावं लागलं, कारण आतून गाड्यांची रांगच बाहेर पडत होती. पायी चाललेली माणसंही बरीच. काहींच्या अंगावर तलावाच्या क्लबची निळी जाकिटं होती. एक म्हातारा रुमालाने नाक पुसत होता. मागच्या बाजूला त्याला भाऊजींची दुकानाचं नाव रंगवलेली गाडीही वळताना दिसली.

शहाणेने एका नजरेत सगळं ओळखलं. घड्याळं पुढे केली, तासभर आधी आले, हॉल रिकामा बघितला, आणि आता निघाले कुठेतरी चहा ढोसायला. भाऊजीच सगळ्यांना घेऊन चालले असणार. येतील परत बाराच्या ठोक्याला, धावत. त्याने काच खाली करून हाकही मारली नाही. शिकू देत एकदा.

त्याने फोन मुका केला, कारण अशा ठिकाणी कोणाचा तरी फोन हमखास किंचाळतो आणि तो आपला नसावा अशी त्याची शिस्त होती. फोनवर आधीच काही कॉल येऊन गेलेले होते. ते ताईचे होते हे त्याने पाहिलं. भांबावली असेल, असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला.

मोठा हॉल नुकताच झाडलेला होता. खुर्च्या ओळीत लावायचं काम चालू होतं. कडेला एका बादलीत फुलं काढून टाकलेली होती. ताजी फुलं आधीच फेकतात, इथे सगळाच आनंद, असं त्याच्या मनात आलं. तो पहिल्या ओळीत, मधल्या वाटेच्या कडेला बसला. मुलाची जागा तीच.

हळूहळू माणसं येऊ लागली. ओळखीचं कोणी नव्हतं, पण त्याचं नवल वाटायचं कारणही नव्हतं. मास्तरांची माणसं त्याने कधी ओळखून ठेवली नव्हती. एक जाड बाई शेजारी येऊन बसली आणि तिने त्याच्या कोटाकडे बघून मान लववली. त्यानेही लववली. नातेवाईक मात्र एकही नाही. आत्या नाही, ताई नाही, कोणी नाही. सख्ख्या बापाच्या वेळेलाही यांना वेळ पाळता येत नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि एवढ्या सगळ्यांत आपण एकटे वेळेवर आलो याचा त्याला जरा कडवट अभिमानही वाटला. बाबांना अखेर एकच माणूस वेळेवर भेटला, तो मी.

दार उघडलं. शवपेटी आत आली. सहा जणांनी ती उचलली होती आणि सहांपैकी एकही ओळखीचा नव्हता. मागून एकाने मोठा फोटो आणून स्टँडवर ठेवला. फोटोत जाड चष्म्याची एक म्हातारी हसत होती.

क्षणभर, अगदी एक क्षणभर, शहाणेला वाटलं की या गाढवांनी फोटोसुद्धा चुकीचा आणला.

मग समोर उभ्या राहिलेल्या माणसाने म्हातारीचं नाव घेतलं. ते खालच्या नोंदीतलं दुसरं नाव होतं. उठायला हवं होतं. पण पहिल्या ओळीत, पेटीच्या समोर, कुटुंबातला एक मुलगा हुंदके देत असताना, उठून मधल्या वाटेने बाहेर कसं जायचं? तो बसून राहिला. शेजारच्या जाड बाईने त्याचा चेहरा पाहिला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बँकेतले ना तुम्ही?" ती हळूच म्हणाली. "त्या फार सांगायच्या तुमच्या सगळ्यांबद्दल."

त्याने मान हलवली. दुसरं काय करणार? मग अर्धा तास त्याने एका अनोळखी म्हातारीचं चरित्र ऐकलं. तिच्या हातचे शिवलेले पडदे, तिचा विसराळूपणा, कुत्र्यांवरचा जीव. बाईने त्याचा हात सोडला नाही. आणि त्या अर्ध्या तासात त्याच्या डोक्यात, त्याने नको म्हटलं तरी, सगळं जागच्या जागी बसत गेलं. सकाळी कोष्टक. संध्याकाळी ढकलणं. दोन्हींच्या मध्ये, दुपारी, ताईने केलेला फोन. ताईची वेळ अकराची होती. ती बरोबर लिहिली गेली होती. तिला तासभर पुढे ढकललं होतं त्यानेच, तळघरात बसून, शांतपणे बघत.

बाहेर आल्यावर तो तडक नोंदणीच्या खिडकीशी गेला. आत ती बाई होती. वयाने पन्नाशीची, चष्मा केसांत खोचलेला, समोर बिस्किटांचा पुडा. तिच्या मागे भिंतीवर एक पांढरा फळा होता. त्यावर शाईने आजची नावं आणि वेळा लिहिलेल्या होत्या. अकरासमोर मास्तरांचं नाव होतं, त्यातलं एक अक्षर चुकलेलं.

आपण कोण हे त्याने सांगितलं. तिने चष्मा खाली ओढला.

"अच्छा, ते तुम्ही," ती म्हणाली. "तुमचा मेल मी आत्ता वाचला. वडिलांसाठी दुसऱ्या लोकांना हलवा म्हणून. तुमच्या बहिणीने पंधरा मिनिटं थांबवून धरलं होतं सगळं. दारात जाऊन बघत होत्या सारख्या. मग मीच सांगितलं, आता घ्या, पुढचे लोक येतील."

शहाणेला स्वतःचा आवाज अनोळखी वाटला. तो म्हणाला, की बुधवारी नोंद करायची नव्हती. सूचना होती. सातव्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं.

"वाचलं मी ते," बाई म्हणाली. "एवढंच कळलं की नोंद करू नका. पण लोक बुधवारीसुद्धा मरतात ना. त्यांना काय सांगू, सर्व्हरचं काम चाललंय, उद्या या?"

"मग मला कळवायचं. नोंद सरकली ते तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की. त्या दिवसाच्या सगळ्याच सरकल्या होत्या." तिने बिस्किटाचा तुकडा मोडला. "मी नाही बघत त्यात. वरून आदेश आहे म्हणून भरते फक्त. तुमचं ते कॅलेंडर कोण बघतं हो? बागेवाले वही ठेवतात, पाणीवाले एकमेकांना फोन करतात. मी फळ्यावर लिहिते."

"सगळी नगरपालिका त्यावर चालते," तो म्हणाला.

बाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. शहाणे ज्या नजरेने आजवर इतरांकडे बघत आला होता, साधारण तीच नजर होती ती.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, आणि वाजणाऱ्या फोनकडे वळली.

तो गाडीत जाऊन बसला. राग यायला हवा होता आणि आलाही. पण कोणावर धरावा हे ठरत नव्हतं. सरकारवर धरून पाहिला, साहेबांवर धरून पाहिला, बाईच्या बिस्किटांवर धरून पाहिला. प्रत्येक वेळी तो घसरून परत त्याच्याच मांडीवर येऊन पडत होता. त्या बुधवारी केलेल्या, इतर घरांच्या आणखी काही नोंदी तासभर सरकल्या होत्या, पण त्यांच्यापैकी एकही घर चुकलं नव्हतं. ते सगळे फोनवर ऐकलेल्या वेळेला, फळ्यावरच्या वेळेला येऊन गेले होते. अख्ख्या शहरात त्याच्या कॅलेंडरवर भरवसा ठेवणारा एकच माणूस निघाला होता.

ताईच्या घरी तो पोचला तेव्हा जिन्यापर्यंत चपलांचा ढीग होता. आत भांड्यांचा आवाज, माणसांचा आवाज, कोणीतरी मास्तरांची गोष्ट सांगत होतं आणि लोक हसत होते. तो दारात दिसल्यावर हसणं बंद झालं. आत्याने तोंड फिरवलं. निळ्या जाकिटातल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

ताई स्वयंपाकघरात होती. तिचे डोळे सुजलेले होते. तिने त्याला पाणी दिलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी सगळ्यांना सांगितलं, येतोय तो, रस्त्यात असेल," ती म्हणाली. "मग मला तुझ्याऐवजी बोलावं लागलं. मला काही सुचलं नाही. मी त्यांचं आवडतं वाक्यच म्हणून दाखवलं आणि रडायला लागले."

शहाणे पाण्याचा पेला धरून उभा होता.

"आत्या म्हणते, तुला बाबांची लाज वाटायची म्हणून तू आला नाहीस," ताई म्हणाली. "मी तिच्याशी भांडले त्यावरून. खरं सांग, का नाही आलास?"

खरं सांगणं अगदी सोपं होतं. एका वाक्यात सांगून झालं असतं. मी चूक केली. माझ्याच प्रोग्रामने माझी वेळ चुकवली, मी बाराला आलो, आणि परक्या बाईच्या मयताला पहिल्या ओळीत बसून राहिलो. ताईने कदाचित मिठी मारली असती. कदाचित हसलीही असती, आणि मग ते हसू बाहेरच्या खोलीत गेलं असतं. भाऊजींनी ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं असतं, नगरपालिकेत पोचलं असतं, साहेबांनी बैठकीत काढलं असतं. लेखा विभागातून नवं पाकीट आलं असतं. त्याने हे सगळं पेल्यातलं पाणी संपेपर्यंत पाहिलं.

"काम होतं," तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे बघितलं. तिचा चेहरा पडला नाही की तिला धक्का बसला नाही. बराच काळ उचलून धरलेलं ओझं खाली ठेवावं तशी ती जरा सैल झाली, एवढंच.

"बरं," ती म्हणाली. "जेवून जा."

तो जेवला नाही. बाहेरच्या खोलीतून जाताना त्याने कोणाकडे पाहिलं नाही. जिना उतरत असताना मागून जड पावलं आली. भाऊजी होते. त्यांच्या हातात कोणाच्या तरी चपला होत्या. पाठीवर थाप पडणार म्हणून शहाणेने अंग आखडून घेतलं, पण थाप पडली नाही.

भाऊजी आवाज खाली आणून बोलले. त्यांना आवाज खाली आणता येतो हे शहाणेला आजच कळलं.

"फाटकाशी मी तुझी गाडी बघितली. आम्ही निघालो तेव्हा तू आत वळत होतास. काळा कोट घालून." त्यांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. "वेळेचा घोटाळा झाला का रे काही? या सरकारी घड्याळाच्या भानगडीत? कोणाचाही होईल. सांगू का मी वर? मी सांगतो, तू नको बोलूस."

जिन्यावर कोणी नव्हतं. भाऊजींच्या कपाळावर घाम होता, आणि ते खरोखरच वाट बघत होते. शहाणेला वाटलं, हा माणूस दुःखातही किती ओबडधोबड दिसतो. आणि हेही वाटलं, की हा आता वर जाऊन सांगेल, सगळे समजून घेतील, आणि मग जन्मभर मला या माणसाचे उपकार वागवावे लागतील.

"माझा? वेळेचा घोटाळा?" तो म्हणाला. "माझं काम दुसरं काय आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

भाऊजींनी मान डोलावली. ते मागे वळले आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी शहाणेने साहेबांना मेल लिहिला. काम यशस्वीपणे पार पडलं, कुठूनही एकही तक्रार आलेली नाही, असं त्यात होतं. साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि उद्यानप्रमुखाने टाळ्या वाजवल्या. तीन आठवड्यांनी घड्याळं पुढे झाली, सर्व्हरही बिनबोभाट पुढे झाले. वर्षभरात ताईकडे दोन-तीन कार्यं झाली. ती शहाणेला नंतर कळली, कधी फोटोंवरून, कधी कोणाच्या बोलण्यातून. ताई भांडली नाही, अबोला धरला नाही. त्याने फोन केला की ती नीट बोलायची, तब्येत विचारायची, आणि तो काही म्हणायच्या आत म्हणायची, "तुला काम असेल, ठेवते."